तळघरातला इतिहास

खानदेश आणि इतिहास यांचं नातं जुनं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर दफ्तरांच्या मागे गावोगाव हिंडले आणि अखेर धुळ्यात येऊन ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथंच वारले. धुळेकरांनी १९२७ च्या जानेवारीतच त्यांच्या नावानं संशोधन मंडळ स्थापन केलं. महिना उलटायच्या आत मंडळ! आमच्या बँकेत मयत खातेदाराच्या वारसाला कुठला फॉर्म भरायचा हे कळायलाही याहून जास्त दिवस लागतात. राजवाड्यांनी एक गोष्ट मात्र महाराष्ट्राच्या डोक्यात पक्की बसवली. माळ्यावरची पेटी कधी न उघडता रद्दीत घालू नये.

आता आमच्या माळ्यावर शिवकालीन कागद नाहीत. आमच्या वाडवडिलांनी लढाया केल्या त्या बांधावर, आणि त्यांची दफ्तरं तलाठ्याकडे. आमच्या माळ्यावरच्या पेटीत निघाल्या त्या सात फ्लॉप्या. पापडाएवढ्या, काळ्या, मधे भोक असलेल्या. सौ.नं त्या चिमटीत धरून विचारलं, "ह्या कढईखाली ठेवायच्या का?" त्याच क्षणी माझ्यातला राजवाडे जागा झाला.

त्या फ्लॉप्यांवर होते खेळ. गोळ्या झाडायचे नव्हेत, डोकं खाजवायचे. तळघर, भुयार, बंद दार, दाराची किल्ली भलतीकडेच, आणि किल्लीवर बसलेला कुणी तरी. हल्ली चाळिशी ओलांडलेले पुष्कळ बाप्ये रात्री जेवण झाल्यावर हेच जुने खेळ पुन्हा काढून बसतात आणि बायकोला "ऑफिसचं काम आहे" म्हणून सांगतात. या चळवळीचा इतिहास कुणीच लिहीत नाही. तेव्हा वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही हे काम मी अंगावर घेतलं आहे. दिवसाअखेर सात रुपये वीस पैशांचा फरक कुठल्या व्हाउचरात दडला आहे हे शोधण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला भुयारांची भीती राहत नाही.

एकच खेळ पुन्हापुन्हा खेळणारा पहिला माणूस कोण, यावर पाश्चात्त्य पंडित काही म्हणोत, माझ्या मते तो मान विक्रमादित्याचा. झाडावर चढायचं, प्रेत खांद्यावर टाकायचं, कोडं ऐकायचं, उत्तर द्यायचं आणि उत्तर बरोबर आलं की पुन्हा पहिल्यापासून झाडाकडे! असं चोवीस वेळा. आमच्या पिढीनं हे सगळं 'चांदोबा'त वाचलं आणि तरीही पुढे संगणकावर नेमकं तेच केलं, यावरून वाचनानं माणूस सुधारतो या समजुतीची काय ती किंमत करावी.

कोड्यांच्या बाबतीत तर आमचा जळगाव जिल्हा फारच पुढे. भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ती ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांचं गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांत वाद आहे. पण चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे आणि त्यात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेव्हा वाद विद्वानांनी घालावा, चाळीसगावकरांनी निवांत असावं. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिचा लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे टळला आणि तिचं मन रमावं म्हणून बापानं गणितं रचली, अशी दंतकथा आहे. फैजीनं १५८७ साली ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं त्यात ती येते. खरी असो की नसो, गणितं मात्र झकास आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला आहे. मोरानं झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं. तर मोरानं साप बिळापासून किती हातांवर गाठला? (बारा. वाचकांनी कागद-पेन्सिल शोधायला उठू नये.)

मोर आणि साप लक्षात ठेवा. ते पुढे अमेरिकेत भेटणार आहेत.

अमेरिकेत विल क्राउदर नावाचा एक गृहस्थ होता. पुढे ज्यातून इंटरनेट जन्माला आलं त्या अर्पानेटची यंत्रं बोलती करणाऱ्या मंडळींपैकी तो एक. त्याचा छंद म्हणजे गुहांत उतरायचं. केंटकीमध्ये मॅमथ केव्ह म्हणून मैलोगणती पसरलेली गुहा आहे; तो आणि त्याची बायको पॅट्रिशिया दोघंही तिच्यात उतरून नकाशे काढीत. १९७२ साली दोन प्रचंड गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीनं शोधून काढलं तिच्यात पॅट्रिशिया होती. जमिनीखाली दोन गुहा जोडल्या गेल्या आणि जमिनीवर पुढे या दोघांचा घटस्फोट झाला. क्राउदरचं गुहेत जाणं थांबलं. दोन मुली होत्या, त्या आता रोज जवळ नव्हत्या. तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास त्यानं मुलींना आवडेल असा एक खेळ संगणकावर लिहिला, आणि त्यात सगळी गुहा घातली. चित्र एकही नाही. यंत्र सांगणार, तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात. आपण साध्या इंग्रजीत टाइप करायचं, पूर्वेला जा, दिवा लाव, किल्ली घे. पुढे अभ्यासक प्रत्यक्ष त्या गुहेत उतरले तेव्हा खेळातल्या बऱ्याच जागा त्यांना तिथं सापडल्या. म्हणजे मुली भेटायला आल्या की बाप त्यांना घरबसल्या त्या गुहेत हिंडवून आणत होता, जिथं तो स्वतः आता जात नव्हता.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा काउंटरवर होतो. समोरच्या बाई पासबुक पुढे करून उभ्या होत्या. मी त्यांचं पासबुक दोनदा छापलं.

डॉन वुड्स नावाच्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यानं १९७७ साली या खेळात भर घालून तो साडेतीनशे गुणांचा केला. (पस्तीस टक्क्यांना पास असं त्यात कुठं लिहिलेलं नाही, नाही तर मी तो कधीच सोडवला असता.) त्यात एका दालनात साप वाट अडवून बसलेला असतो. आपल्याजवळ कुऱ्हाड असते, पण तिचा उपयोग नाही. पिंजऱ्यातला पक्षी सोडायचा. तो सापाला हुसकून लावतो. आता भास्कराचार्यांचा मोर केंटकीला कुठल्या बोटीनं गेला हे मी सांगू शकत नाही, पण खानदेशचा माल परदेशी जातो तो केवळ केळीचाच नव्हे.

गुहांचं म्हणाल तर आम्हांला अप्रूप नाही. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. सहल शाळेची असो की सासुरवाडीची, ती तिथंच जाते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी त्या घाटात हिंडताना दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या खांबावर चित्रावरच आपलं नाव नि तारीख खरडून बाहेर आला. खेळ संपल्यावर यादीत आपलं नाव टाकायची जी पद्धत पुढे संगणकावर आली, तिचा उगम मी इथं मानतो.

मधला काळ भराभर उरकतो. एमआयटीच्या पोरांनी १९७७ पासून 'झॉर्क' लिहिला. १९८० साली रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीनं क्राउदरची गुहा खेळूनखेळून झपाटून जाऊन 'मिस्टरी हाउस' रचला. यात पहिल्यांदा चित्रं आली, आणि फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून विकल्या गेल्या. आमच्याकडे पापड-कुरडयांचे गृहउद्योग अगदी याच पद्धतीनं चालतात, फक्त त्यांची कंपनी पुढे एवढी मोठी होत नाही.

तर १९९४. जळगाव. मी चौदा वर्षांचा. गावात संगणकाचे क्लास निघाले होते. क्लासची खोली वातानुकूलित, खाली गालिचा, आणि चपला बाहेर. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तेव्हा आमच्यापैकी निम्मे भाविक संगणकासाठी नव्हे, गारव्यासाठी येत. शिकवायचे डॉस आणि वर्डस्टार. पण सर बाहेर चहाला गेले की एक जण दाराशी उभा राही आणि पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा तळघरात उडी मारी.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणानं जवळजवळ एकहाती केलेला हा खेळ १९८९ साली अमेरिकेत निघाला. राजपुत्राचं पळणं, लोंबकळणं इतकं खरं वाटे, कारण मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला नि उड्या मारायला लावलं होतं आणि त्या चित्रीकरणावरून एकेक चित्र काढलं होतं. संगीत वडिलांचं. म्हणजे मामला घरगुती. दुष्ट वजीर राजकन्येला एक तासाची मुदत देतो. तासाभरात बारा मजले पार करून वर पोचायचं.

इथं हिशेब मांडावा लागतो. राजकन्येची मुदत साठ मिनिटं. क्लासची वेळ साठ मिनिटं. त्यातून चपला काढणं, यंत्र सुरू होणं, सरांनी चहाला जाणं आणि परत येणं वजा करता राजपुत्राच्या हाती उरत चौदा मिनिटं. शिवाय वीज. राजपुत्र कड्याला बोटांनी लोंबकळतोय, खाली भाले वर आलेत, आणि दिवे जायचे. अंधारात आठ पोरं एका आवाजात 'आई गं' म्हणायची. राजकन्येला जळगावच्या भरवशावर राहू नकोस हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, धुळ्याला होता. तिथंही क्लास निघाला होता. धुळे-जळगाव अंतर नव्वदेक किलोमीटर, ट्रंक कॉल परवडत नसे, आणि राजपुत्र वाट पाहत होता. तेव्हा आम्ही पोस्टकार्डांवर खेळ सोडवू लागलो. कार्ड पंधरा पैशांना मिळे. आमच्या घरी येणारं टपाल प्रथम वडील वाचत. एके दिवशी त्यांनी अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं: "ति. काकांना सा. न. तिसऱ्या मजल्यावरचा सांगाडा तलवारीनं मरत नाही. त्याला मागे रेटत नेऊन खाली पाड. चौथ्यावर आरसा आहे, पळत येऊन आरशात उडी घे. घाबरू नको. आठव्यावर दार बंद झालं तर थांब, उंदीर येईल. काकूंना नमस्कार." वडिलांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग आईला म्हणाले, "दादाचं पोरगं बिघडलं. वहिनींना लिहायला पाहिजे."

त्या कार्डांवर सगळं होतं. नकाशेसुद्धा. पत्त्याच्या जागेत घुसलेले नकाशे पोस्टमन डोळे बारीक करून बघायचा.

आठव्या मजल्यानंतर कार्डं थांबली. १९९५ च्या मोजणीत पारोळ्याकडच्या वडिलोपार्जित शेताचा बांध दोन हात सरकलेला निघाला. कुणी सरकवला? काका म्हणाले भावानं. वडील म्हणाले दादानं. खानदेशात दोन हात म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भास्कराचार्यांचा मोर बारा हातांवर साप गाठून मोकळा झाला, आमची दोन हातांची केस कोर्टात गेली. लग्नंकार्यं तुटली. पोरांनी एकमेकांना लिहायचं नाही असं कुणी स्पष्ट म्हटलं नाही, पण पोस्टकार्डांना पैसे मिळेनात.

मी नववा, दहावा, अकरावा मजला एकट्यानं काढला. बाराव्यावर अडकलो. तिथं राजपुत्राची सावली तलवार उपसून उभी राहते. तीच, जी चौथ्या मजल्यावर आरशातून आपणच बाहेर काढलेली असते. तिला वार करावा तर तो आपल्याला लागतो. ती मरते तेव्हा आपण मरतो. मी तिला वीसेक वेळा मारली आणि वीसेक वेळा मेलो. मग दहावी आली, क्लास बंद झाला, बी.कॉम. झालं, नोकरी लागली. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. बारावा मजला मी तिथं टाकला.

या सावलीचा जन्म कसा झाला तो इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. मेकनरच्या ॲपल संगणकातली जागा संपली होती. नवा शत्रू काढायला पडद्यामागे चतकोर जागा उरली नव्हती. तेव्हा त्यानं राजपुत्राचीच चित्रं घेतली, किंचित सरकवून एकमेकांवर उलटसुलट बसवली, आणि झगमगणारी सावली तयार झाली. जागा नसली की शत्रू घरातलाच निघतो, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुठल्याही माणसानं त्याला फुकट सांगितलं असतं.

नोकरीत आल्यावर एका सहकाऱ्याकडे 'मिस्ट' मिळाला. रँड आणि रॉबिन मिलर या दोन सख्ख्या भावांनी १९९३ साली काढलेला, सीडीवरचा, नितांत सुंदर, ओसाड बेट असलेला खेळ. त्यात दोन पुस्तकांत दोन भाऊ अडकलेले असतात. एक म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो खुनी आहे. दुसराही तेच म्हणतो. दोघांनाही पानं हवी असतात. जगभर लाखो लोकांनी रात्री जागून विचार केला की खरं कोण बोलतंय. मी पाच मिनिटांत ओळखलं की दोघंही नाही. हे कळायला सीडी कशाला लागते? तलाठी कार्यालयात अर्धा तास बाकावर बसलं की पुरे.

जुने खेळ नव्या यंत्रांवर चालेनात तेव्हा जगातल्या काही सज्जनांनी फुकटात खटपट करून तोड काढली: २००१ साली स्कमव्हीएम, २००२ मध्ये डॉसबॉक्स. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग उभं करायचं आणि त्यात जुना खेळ सोडायचा. २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हनं हजारो डॉस खेळ सगळ्यांना खेळता येतील असे मांडून ठेवले. खुद्द मेकनरनं आपल्या खेळाची मूळ लिपी हरवली म्हणून हाय खाल्ली होती. ती २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्यांवर सापडली. (सौ.ला हा परिच्छेद मी मुद्दाम वाचून दाखवला आहे. कढईखाली काय ठेवायचं याचा निर्णय आता एकट्यानं होत नाही.) आयकरवाले संगणकावर चाळीस टक्के घसारा धरतात, त्या हिशेबानं शंभर रुपयांच्या यंत्राचे दहा वर्षांनी साठ पैसे उरतात. त्यावर खेळलेल्या खेळाचा घसारा कसा लावायचा हे आम्हांला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

काका २०१६ मध्ये गेले. वडील म्हणाले, "मी येत नाही, तू जाऊन ये." दहाव्याला मी धुळ्याला गेलो. दादा डोकं भादरून ओट्यावर बसला होता. एकवीस वर्षांनी समोरासमोर आलो होतो. कोर्टात भेटायचो, पण तिथं वकील बोलतात. मी शेजारी बसलो. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. चहा आला, गेला. मग दादानं हळूच विचारलं,

"बारावा मजला झाला का रे?"

"नाही."

"तलवार म्यान करायची. ती पण करते. मग तिच्या अंगावर सरळ चालत जायचं. पुढे दरी दिसते, तरी पळायचं. पाय टाकशील तशी फरशी येते." जरा वेळानं तो म्हणाला, "शहाण्णवमध्येच समजलं होतं मला. कार्ड लिहून ठेवलं होतं."

"मग टाकलं का नाही?"

"आधी बाबांच्या धाकानं. मग कार्ड पंचवीस पैशांवर गेलं. जुन्या कार्डाला वर दहा पैशांचं तिकीट कोण लावतं?"

हा माणूस माझ्या रक्ताचा आहे याबद्दल तिथंच माझी खात्री पटली. त्या रात्री जळगावला परत आल्यावर मी बारावा मजला काढला. पाय टाकला तशी फरशी आली. राजकन्या भेटली. ती पाच रेघांची आहे.

वाचकांचा समज होऊ नये म्हणून सांगतो, बांधाचा दावा चालूच आहे. वडील माघार घेत नाहीत, आणि दोन हात हे दोन हात. मी नि दादा तारखेला हजर असतो, समोरासमोरच्या बाकांवर. तारीख पडली की कोर्टाबाहेरच्या टपरीवर शेवभाजी खातो आणि पुढच्या खेळाचं ठरवतो. रॉबर्टा विल्यम्सबाईंनी सत्तरीला आल्यावर, २०२३ साली, क्राउदरची तीच गुहा नव्या चित्रांसह पुन्हा काढली. ज्या खेळानं बाईंना बिघडवलं त्याच्याकडेच त्या परत गेल्या. आम्ही मात्र मूळ, बिनचित्रांची गुहा घेतली आहे. मी जळगावात, तो धुळ्यात, रविवारी दुपारी. नियम दोनच. इंटरनेटवर उत्तर बघायचं नाही, आणि दिव्याची बॅटरी जपून वापरायची, कारण ती खेळातही संपते.

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. "काय करी ऱ्हायना भाऊ?"

म्हटलं, "सापापुढे उभा आहे. पक्षी सोडायचा हे ठाऊक आहे, पण पक्षी हातीच येत नाही. जवळ गेलं की बिचकतो."

"हातात काय काय आहे तुझ्या?"

"दिवा, पिंजरा, किल्ल्या, एक काळी काठी."

पलीकडे तो बराच वेळ हसत होता. "मग बरोबर आहे," म्हणाला, "सतरा तारखेला ये. कोर्टात सांगतो."